रुळांखालचा रस्ता : कोल्हापुरातल्या फाटकांची आणि भुयारी मार्गांची पार्श्वभूमी

कोल्हापुरात फाटकाच्या जागी भुयारी मार्ग करायचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "परीख पुलासारखं नाही ना होणार?" खर्चाचं आणि जागेचं बोलणं त्यानंतर. रुळांखालून जाणाऱ्या या रस्त्यात पावसाचं पाणी तुंबतं, त्यामुळं ही धास्ती उगाच नाही.

मिरज-कोल्हापूर रेल्वे कोल्हापूर संस्थानाची. १८८८ मध्ये तिच्या कामाचा मुहूर्त शाहू महाराजांच्या हातून झाला, तेव्हा राज्यकारभाराची सूत्रं अजून त्यांच्या हाती आली नव्हती. १८९१ च्या एप्रिलात सुमारे ४७ किलोमीटरचा हा मीटरगेज मार्ग सुरू झाला. स्टेशन त्या वेळच्या गावाबाहेर होतं. १८९५ मध्ये महाराजांनी शाहूपुरी वसवली आणि गुळाचा व्यापार तिथं आणला. पुढं रुळांपलीकडं राजारामपुरी वाढली. थोडक्यात, रूळ आधी आले आणि शहर नंतर त्यांच्या दोन्ही अंगांना पसरलं. बैलगाड्यांच्या जमान्यात फाटक पडलं तरी फारसं कुणाचं अडत नव्हतं. १९७१ मध्ये ब्रॉडगेज झालं, मुंबईला जाताना पुण्यात गाडी बदलायची कटकट संपली आणि गाड्या वाढल्या.

फाटक एवढा वेळ बंद का, म्हणून लोक गेटमनवर चिडतात. पण सिग्नलशी जोडलेलं फाटक पूर्ण बंद झाल्याशिवाय गाडीला सिग्नलच मिळत नाही, त्यामुळं ते गाडी येण्याच्या बरंच आधी पाडावं लागतं. त्यात मार्ग एकेरी, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांना एकच रूळ.

कुठलं फाटक काढायचं, हे ठरवायला रेल्वेचं एक गणित आहे. दिवसभरातल्या गाड्यांच्या संख्येला रस्त्यावरच्या वाहनांच्या एककांनी गुणायचं. गुणाकार एक लाखावर गेला की रेल्वे आणि राज्य सरकार निम्मा-निम्मा खर्च उचलून पूल बांधू शकतात. या मोजणीत ट्रक, मोटार, अगदी बैलगाडीसुद्धा एक एकक धरतात. रिक्षा अर्धं आणि मोटारसायकल पाव. घरटी दुचाकी असलेल्या आपल्या शहरात फाटकावरची गर्दी डोळ्यांना दिसते त्यापेक्षा कागदावर कमी भरते, ती यामुळं. ब्रॉडगेजवरची बिनमाणसाची फाटकं २०१९ च्या जानेवारीपर्यंत देशभरातून संपली. आता माणूस असलेल्या फाटकांचा नंबर आहे.

टेंबलाईवाडीला फाटकावर उड्डाणपूल झाला. सगळीकडं तो जमत नाही. विजेच्या तारांवरून पूल न्यायचा तर तो इतका उंच होतो, की दोन्ही बाजूंचे उतार शेकडो मीटर लांब जातात आणि दुकानांची दारं त्याच्या भिंतीला टेकतात. भुयारी मार्गाला जागा कमी लागते. काँक्रीटच्या चौकोनी पेट्या बाजूला ओतून तयार करतात आणि जॅकनं रुळांखाली ढकलतात, किंवा काही तासांचा ब्लॉक घेऊन, म्हणजे तेवढा वेळ गाड्या बंद ठेवून, रूळ काढून क्रेननं बसवतात. गाड्या फार काळ थांबवाव्या लागत नाहीत. रेल्वेला हा मार्ग आवडतो, यात नवल नाही.

उंचीची अडचण मात्र राहते. याच मार्गावरच्या रुकडी-हातकणंगले पट्ट्यात हंगामात उसानं शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्या असतात. विजेच्या मार्गावर फाटकाच्या अलीकडं लावलेल्या कमानीखालून ४.६७ मीटर उंचीचं वाहन जातं. कमी उंचीच्या भुयारी मार्गात ट्रॉली अडकली तर मागं घ्यायलाही जागा नसते.

आणि पाणी. परीख पूल म्हणजे राजारामपुरी आणि स्टेशनकडचा भाग जोडणारा रुळांखालचा अरुंद रस्ता. जोराची एक सर आली की तिथं पाणी तुंबतं, दुचाक्या बंद पडतात आणि वाहतूक लांबून वळते. भुयारी मार्ग आजूबाजूच्या जमिनीखाली असतो, त्यामुळं वरच्या चारी रस्त्यांचं पाणी तिथंच उतरणार. रुळांखालची पेटी रेल्वे बांधते. पोहोचरस्ते आणि पुढचं गटार बहुतेक वेळा स्थानिक यंत्रणेच्या गळ्यात पडतं. पाणी तुंबलं की दोघं एकमेकांकडं बोट दाखवतात. माझ्या मते खरा घोळ इथंच आहे, बांधकामात नाही.

म्हणून नव्या भुयारी मार्गाचा आराखडा बघायला मिळाला, तर रुंदीच्या आधी नाल्याची पातळी बघावी. नाला रस्त्याच्या तळापेक्षा वर असेल तर पाणी आपसूक जाणार नाही, पंप बसवावाच लागेल. मग त्या पंपाचं वीजबिल कोण भरणार आणि पावसात लाईट गेल्यावर तो कशावर चालणार, हे काम सुरू होण्याआधी लेखी घ्यावं.