नामावळीतले पूर्वज आणि रक्तातले पूर्वज

नाशिकला गोदाघाटावर किंवा त्र्यंबकेश्वरी अस्थिविसर्जनासाठी, तीर्थश्राद्धासाठी गेलेल्या कुटुंबाला तीर्थोपाध्याय पहिला प्रश्न आडनावाचा आणि दुसरा मूळ गावाचा विचारतात. तेवढ्या माहितीवर बासनातून एक लांबट वही निघते आणि तिच्या पानांवर पणजोबांचे, क्वचित त्यांच्याही आजोबांचे नाव सापडते. या वह्यांना नामावळी म्हणतात. नाशिक-त्र्यंबक, पंढरपूर, काशी, प्रयाग, गया, हरिद्वार अशा क्षेत्रांच्या उपाध्यायांकडे त्या पिढ्यानपिढ्या जपलेल्या असतात. कोण आले, त्यांच्या वडिलांचे व आजोबांचे नाव काय, भाऊ किती, मुले कोणती, हल्ली मुक्काम कोठे, येण्याचे निमित्त काय आणि तिथी कोणती, असा मजकूर लिहून खाली यजमानाची सही घेतली जाते. सिंहस्थात नाशिकला गर्दी लोटते, त्यामुळे एकाच घराण्याच्या नोंदी बारा-बारा वर्षांच्या अंतराने पडलेल्या दिसतात. दोन सिंहस्थांच्या मधल्या काळात जन्मलेली मुले पुढच्या नोंदीत आपोआप हजर होतात. अमेरिकेतील युटा राज्याच्या वंशावळ संस्थेने हरिद्वार आणि इतर तीर्थांवरील अशा अनेक वह्यांची सूक्ष्मचित्रे (मायक्रोफिल्म) घेऊन ठेवली आहेत.

उपाध्यायांनी हा खटाटोप का केला, हे आधी समजून घेतले पाहिजे. त्यांच्या दृष्टीने हा लेख म्हणजे हक्काचा कागद होता. अमुक गावचे अमुक आडनावाचे लोक आपले यजमान आहेत आणि त्यांच्या वंशातील पुढे येणाऱ्यानेही आपल्यालाच उपाध्येपण द्यावे, हे त्यातून शाबीत होत असे. म्हणूनच नावे आणि गाव यांत चूक होऊ नये याची काळजी उपाध्यायालाही होती आणि यजमानालाही चुकीचे नाव सांगून काही मिळवायचे नव्हते. भांडणाआधी केलेली नोंद आणि भांडणात केलेली नोंद यांतला फरक कायद्यानेही ओळखलेला आहे. मृत व्यक्तीने रक्ताच्या, लग्नाच्या किंवा दत्तकाच्या नात्याविषयी केलेले निवेदन पुरावा म्हणून चालते, पण ते वाद उपस्थित होण्यापूर्वी केलेले असले पाहिजे, अशी तरतूद १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ३२ मध्ये होती आणि २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती कायम आहे. जुन्या नोंदींतून आप्तसंबंध शोधणाऱ्याने हीच कसोटी प्रत्येक कागदाला लावावी, असे मला वाटते: हा कागद कोणी, कशासाठी आणि भांडणाच्या आधी लिहिला की नंतर?

वतनाचे कागद या कसोटीवर लगेच वेगळे पडतात. पाटीलकी, कुलकर्णीपण किंवा देशमुखी यांच्या तंट्यात दोन्ही बाजू आपापला करिना, म्हणजे घराण्याची सविस्तर हकिकत, सादर करीत. गोतसभेचा, म्हणजे वतनदारांच्या न्यायसभेचा, निवाडा महजर नावाच्या निर्णयपत्रात उतरवला जाई. पुढे इंग्रजी अमलात इनाम कमिशनने इनामदारांकडून कैफियती मागवल्या, तेव्हाही वंशावळी जोडाव्या लागल्या. पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे जुन्या पेशवे दप्तरात, असे कागद हजारो रुमालांत बांधलेले आहेत. मूळ पुरुषापासून चार-पाच पिढ्यांचा शाखाविस्तार, वडील शाखा, धाकटी शाखा, तक्षिमा (हिस्से) कशा पडल्या आणि कोणाचा वंश बुडाला, हे सारे तेथे एका पानावर मिळते. मात्र हे सगळे वाटणीच्या दृष्टीने लिहिलेले असते. ज्याला हिस्सा नाही त्याचे नाव नाही, म्हणून मुली नाहीत आणि जावईही नाहीत. प्रतिपक्षाची शाखा मुद्दाम खुडलेली असू शकते आणि वडीलपणाच्या वादात धाकट्याला थोरला केलेलेही आढळते. एकाच घराण्याच्या दोन करिन्यांत जेथे एकवाक्यता दिसते तो भाग भक्कम समजावा, कारण भांडणाऱ्या दोघांनाही तो नाकारता आलेला नाही. मूळ पुरुषाच्याही वर जाऊन सूर्यवंशाला नेऊन भिडवणाऱ्या भागाचे मोल निराळे आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजी राजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा मराठी इतिहास कोरवून घेतला, त्यातही आरंभ पुराणातला आहे. राजाने आपले कुळ कसे पाहिले हे कळण्यासाठी तो वाचावा, रक्तसंबंध सिद्ध करण्यासाठी नव्हे.

कागद हाती आला तरी त्याचा काळ ठरवणे हे एक स्वतंत्र गणित असते. बहुतेक कागद मोडीत आहेत. मोडीत शब्द सुटे लिहिले जात नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळले जात नाही आणि बिन (अमक्याचा मुलगा), मौजे, परगणे, राजश्री या नेहमीच्या शब्दांची एकदोन अक्षरांत बोळवण केलेली असते. मिती बऱ्याचदा शुहूर सनात असते आणि तो सन अंकांऐवजी अरबी संख्याशब्दांनी लिहिलेला असतो. ‘समान सबैन मया व अलफ’ असे शब्द आले, तर समान म्हणजे ८, सबैन म्हणजे ७०, मया म्हणजे १०० आणि अलफ म्हणजे १०००, बेरीज ११७८. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७७ येतो. हे साल सूर्य मृग नक्षत्रात गेला की सुरू होते, म्हणून त्याला मृगसाल म्हणतात. तेव्हा हा कागद १७७७ च्या मृगापासून १७७८ च्या मृगापर्यंत केव्हाचाही असू शकतो. साल सौर, पण ‘छ’ या अक्षरापुढे लिहिलेला चंद्र, म्हणजे तारीख, आणि महिना मुसलमानी चांद्र, अशी ही गमतीदार जोडणी आहे. तोच काळ दख्खनच्या फसली सनात ११८७ होतो, कारण तेथे ५९० मिळवायचे असतात, आणि शके १६९९ होतो, कारण तेथे ७८ मिळवायचे असतात. सबा म्हणजे ७ आणि सबैन म्हणजे ७०. घाईत एकाच्या जागी दुसरे वाचले की बाप मुलापेक्षा लहान ठरतो. अर्थात अशी विसंगती पटकन नजरेत भरते. जी चूक सुसंगत दिसते ती अधिक घातक.

तशी चूक नावांत होते. मृत आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची आपल्याकडील चाल पुष्कळ घराण्यांत पक्की होती. त्यामुळे रामाजीचा मुलगा विसाजी, त्याचा मुलगा पुन्हा रामाजी आणि त्याचा पुन्हा विसाजी अशी माळ तयार होते. आता १७६० च्या एका कागदात आणि १८२० च्या दुसऱ्या कागदात ‘विसाजी रामाजी’ आढळला आणि शोधणाऱ्याने दोघांना एकच माणूस मानले, तर मधल्या दोन पिढ्या वंशावळीतून नाहीशा होतात. येथे उपयोगी पडते ते पिढीचे सरासरी अंतर. बाप आणि मुलगा यांच्यात सरासरी तीसेक वर्षांचे अंतर धरता येते. एखाद्या घरात ते वीस असेल, दुसऱ्या घरात पंचेचाळीस, पण पाच-सहा पिढ्यांच्या लांबीवर ही घटबढ बरीचशी जिरून जाते. दीडशे वर्षांत पाच पिढ्या दाखवणारी वंशावळ स्वाभाविक आहे. त्याच काळात तीनच दाखवणारी असेल, तर कोठेतरी नावे गळली आहेत किंवा आजा-नातू एक झाले आहेत, असा संशय घ्यावा. त्याखेरीज भावांची नावे, गावाचे नाव आणि सोबतची शेजारी कुळे जुळतात का, हे पाहावे. एका नावाचे दोघे असणे सहज शक्य आहे; त्या नावाचे, त्याच बापाचे, त्याच तीन भावांसह त्याच गावात दोघे असणे फारच अवघड. संख्याशास्त्राच्या भाषेत, प्रत्येक स्वतंत्र जुळणीने योगायोगाची शक्यता गुणाकाराने घटत जाते. मात्र या जुळण्या खरोखर स्वतंत्र हव्यात. कुलवृत्तांतातील, म्हणजे घराण्याच्या संकलित इतिहासातील, माहिती एखाद्या पत्रिकेतून आलेली असेल आणि नंतर कोणी तीच पत्रिका पुरावा म्हणून पुढे केली, तर ते दोन साक्षीदार नव्हेत.

स्त्रियांचा माग काढणे याहून कठीण आहे. लग्नात मुलीचे पहिले नावही बदलण्याची रीत असलेल्या घरांत माहेरच्या कागदातली दुर्गा सासरच्या कागदात लक्ष्मीबाई होते आणि दोन्ही कागदांना जोडणारा दुवा तुटतो. कुलवृत्तांतांत मुलींची नोंद असली तर ती ‘अमक्या गावच्या तमक्यांस दिली’ एवढ्यावर थांबते, पण ते अर्धे वाक्यही फार मोलाचे असते, कारण तेवढ्यावरून दुसऱ्या घराण्याच्या कुलवृत्तांतात शिरता येते. श्राद्धविधीची मदत येथे अनपेक्षितपणे होते. श्राद्धात पिता, पितामह, प्रपितामह यांच्या जोडीला आई, आजी, पणजी यांचाही उच्चार होतो आणि आईच्या वडिलांकडील तीन पिढ्याही सपत्नीक येतात. म्हणजे विधीसाठी का होईना, आजोळची नावे घरात पाठ असावी लागत, आणि तीर्थश्राद्धाच्या निमित्ताने त्यांतली काही टिपणांत उतरली. गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांचे काम त्या मानाने सोपे, कारण चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत बापाबरोबर आईचेही नाव असते आणि धर्ममाता-धर्मपिता म्हणून बहुधा नात्यातलीच माणसे उभी राहिलेली असतात.

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात ज्या नोंदींची सर्वाधिक चर्चा झाली त्या मात्र साध्या महसुली नोंदी आहेत. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि गाव नमुना नंबर १४, कोतवाल बुक, कडईपत्रक, शाळेचे जनरल रजिस्टर ही नावे सामान्यांच्या तोंडी आली. मोडी वाचकांना तर कधी नव्हे ती मागणी आली. जुन्या पद्धतीतला नमुना नंबर १४ म्हणजे गावाची जन्म-मृत्यूची वही. तीत बाप, जात, तारीख मिळते, पण अनेक नोंदींत आडनाव नसते. ‘राणोजी बिन सखोजी’ अशा धर्तीचा मजकूर असतो. नोंद सापडणे हे त्यामुळे निम्मेच काम ठरते. तो राणोजी आपलाच खापरपणजोबा, हे दाखवायला जमिनीचे फेरफार, वारसनोंदी आणि शाळेचे दाखले यांची साखळी लावावी लागते, आणि साखळीतला सर्वांत कच्चा दुवा जेवढा पक्का तेवढीच सगळी वंशावळ पक्की.

एवढे करून हाती येते ती कागदावरची वंशावळ. रक्तातली वंशावळ वेगळ्या नियमांनी चालते. दोन आईबाप, चार आजी-आजोबा, आठ पणजी-पणजोबा असे दुप्पट करीत गेले, तर विसाव्या पिढीत १०,४८,५७६ आणि तिसाव्या पिढीत एक अब्जाहून अधिक पूर्वज भरतात. तीस पिढ्या म्हणजे सुमारे नऊशे वर्षे, आणि तेव्हा साऱ्या जगाची लोकसंख्याही एवढी नव्हती. याचा अर्थ एवढाच की, वर जावे तसे तेच तेच लोक अनेक वाटांनी आपले पूर्वज म्हणून भेटतात. महाराष्ट्रात ही पुनरावृत्ती पहिल्या काही पिढ्यांतच सुरू होऊ शकते. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या नातेसंबंधांवरील ग्रंथात आते-मामे विवाहांची भौगोलिक मांडणी केली आहे. मामाच्या मुलीशी लग्न केलेल्याच्या अपत्याला आठऐवजी सहाच पणजी-पणजोबा असतात, कारण बापाच्या आईचे आणि आईच्या बापाचे आईबाप एकच. अशा अपत्यात कोणत्याही जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता १/१६, म्हणजे ६.२५ टक्के असते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातील सपिंडाची व्याख्याही वंशावळीवरच मोजायची आहे. आपल्यापासून मोजून बापाच्या बाजूने पाच आणि आईच्या बाजूने तीन पिढ्यांतील संबंध ती वर्ज्य ठरवते, आणि रूढी असेल तेथे सूट देते.

डीएनएच्या चाचणीने कागदाची उणीव भरून निघेल, अशी अनेकांची समजूत असते. जवळच्या नात्यात ती बरीचशी खरी आहे. सख्ख्या चुलत किंवा मावस भावंडांत सरासरी साडेबारा टक्के डीएनए समान असतो. एकाचे आजोबा किंवा आजी ही दुसऱ्याच्या आजोबा किंवा आजीची सख्खी भावंडे असतील, तर अशा दोघांत ३.१ टक्के, आणि त्यापुढच्या पिढीतील भावंडांत ०.८ टक्के. या शेवटच्या नात्यातील साधारण दहांतल्या एका जोडीत ओळखता येईल असा सामाईक तुकडा मुळीच सापडत नाही आणि आणखी एक पिढी खाली गेले की निम्म्या जोड्यांची हीच गत होते. दर पिढीला गुणसूत्रे मोजक्याच ठिकाणी तुटून जुळतात, त्यामुळे वारसा मोठ्या तुकड्यांनी मिळतो आणि काही पूर्वजांच्या वाट्याला एकही तुकडा उरत नाही. दहा पिढ्या मागच्या १,०२४ पूर्वजांपैकी निम्म्याहून अधिक जणांचा डीएनए आपल्यात असतच नाही. नामावळीत ज्यांचे नाव आहे, ज्यांना आपण पाणी सोडतो, त्यांच्यापैकी पुष्कळांशी आपले जनुकीय देणेघेणे संपलेले असते.

बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाणारे वाय गुणसूत्र आडनावाच्याच वाटेने चालते, म्हणून भाऊकीचा माग काढायला ते सोयीचे. दत्तकाने तरी ही वाट तुटेल असे वाटते, पण वतनदार घराण्यांत दत्तक शक्यतो भाऊकीतलाच घेत. पुतण्या किंवा चुलतभावाचा मुलगा दत्तक गेला की कागदावरचा बाप बदलतो आणि वाय गुणसूत्र तेच राहते. म्हणजे चाचणीत दोन शाखा जुळल्या तरी दत्तकविधान झालेच नाही असे म्हणता येत नाही. तो उलगडा दत्तकपत्र किंवा सरकारात भरलेल्या नजराण्याची नोंद यांतूनच होतो. चाचणी करायचीच असेल, तर घरातल्या सर्वांत वयस्क व्यक्तीची आधी करावी. आजीमध्ये तिच्या पणजोबांचा जेवढा अंश आहे त्याच्या सरासरी चौथा हिस्सा नातवात उतरलेला असतो, आणि तिच्या माहेरचे नाव, लग्नाआधीचे तिचे स्वतःचे नाव आणि मामांचे गाव ही माहिती कोणत्याही वहीच्या आधी तिच्याकडूनच उतरवून घेता येते.