ब्युनोस आयर्सहून सांतियागो किती लांब?

अर्जेंटिनाची राजधानी ब्युनोस आयर्स आणि चिलीची राजधानी सांतियागो यांच्यातलं हवाई अंतर सुमारे १,१४० किलोमीटर. विमानाला साधारण दोन तास लागतात. पण जायला लागतो तेवढाच वेळ यायला लागत नाही: पश्चिमेला सांतियागोकडे जाताना पंधरा-वीस मिनिटं सहज जास्त लागतात. (तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिक असतात. हिवाळ्यात चिलीचं घड्याळ एक तास मागे असल्याने हा फरक तिथे नीट दिसत नाही.)

ही मिनिटं खातो वारा. दोन्ही शहरं दक्षिण अक्षांश ३३ ते ३५ अंशांच्या पट्ट्यात आहेत. विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे सरकणारी हवा पृथ्वीच्या परिवलनामुळे पूर्वेला वळते. त्यामुळे या पट्ट्यात दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो. त्यातल्या सर्वांत वेगवान, अरुंद झोताला जेट प्रवाह म्हणतात.

समजा, विमानाचा हवेतला वेग ताशी ८५० किलोमीटर आहे आणि वारा ताशी १५० चा. समोरून वारा असेल तर जमिनीच्या हिशोबाने वेग उरतो ७००, पाठीमागून असेल तर होतो १,०००. चढण्या-उतरण्याचा वेळ सोडला, तर वारा नसताना नुसतं अंतर कापायला सुमारे साडेऐंशी मिनिटं लागली असती. आता जाताना ९८ आणि येताना ६८ लागतात. जाताना सुमारे १७ मिनिटं गेली, येताना मिळाली फक्त १२ च्या आसपास. उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं, म्हणून हा हिशोब कधीच फिटत नाही.

आज प्रश्न फक्त मिनिटांचा आणि इंधनाचा आहे. पूर्वी तो जिवाचा होता. २ ऑगस्ट १९४७ रोजी ‘स्टार डस्ट’ नावाचं ब्रिटिश लँकेस्ट्रियन विमान ११ जणांना घेऊन याच मार्गावर निघालं. खाली ढग, जमीन दिसेना. अशा वेळी वेग आणि गेलेला वेळ यांचा गुणाकार करून आपण कुठे पोहोचलो हे ठरवायचं, अशी तेव्हाची रीत. आणि जेट प्रवाहाची माहिती तर फारच तोकडी. चार मिनिटांत सांतियागोला पोहोचतो, असा संदेश संध्याकाळी ५:४१ ला आला आणि विमान नाहीसं झालं.

१९९८ मध्ये तुपुंगातो पर्वतावरच्या हिमनदीत गिर्यारोहकांना त्याचे अवशेष दिसले. ही जागा सांतियागोच्या पूर्वेला सुमारे ८० किलोमीटरवर आहे. सर्वांत पटणारं स्पष्टीकरण असं: समोरच्या वाऱ्याने विमान मागे राहिलं होतं. गणिताप्रमाणे दोन देशांमधला अँडीज पर्वत ओलांडून झाला होता, म्हणून वैमानिकांनी उंची कमी केली. प्रत्यक्षात डोंगर पुढेच होता.

१३ ऑक्टोबर १९७२ रोजी उरुग्वेच्या हवाई दलाचं विमान अर्जेंटिनातल्या मेंदोसाहून सांतियागोला निघालं, तेव्हाही असंच घडलं. थेट शिखरांवरून जाण्याइतकी त्याची क्षमता नव्हती, म्हणून दक्षिणेच्या खिंडीतून वळसा घ्यायचा होता. चिलीतल्या कुरिकोवर आल्याचं वैमानिकांनी कळवलं, तेव्हा विमान अजून पर्वतरांगेतच होतं. ते कोसळलं. ४५ पैकी १६ जण वाचले, त्यांची सुटकाही ७२ दिवसांनी झाली.

आता उपग्रहांमुळे विमानाचा ठावठिकाणा क्षणोक्षणी कळतो. गुणाकारावर विसंबावं लागत नाही. वारा मात्र तसाच आहे. ६,९६१ मीटर उंच आकोंकाग्वा शिखराच्या रांगेवर तो आडवा आदळतो आणि पलीकडे, अर्जेंटिनाच्या बाजूला, हवेत मोठमोठ्या लाटा उठतात. आभाळ निरभ्र असतानाही अँडीजवर प्रवाशांना पट्टे बांधायला लावतात ते यासाठीच.