मधाचा रवा झाला म्हणजे भेसळ? नाही!

थंडीत मधाच्या बाटलीच्या तळाशी पांढरट रवा बसला की घरोघरी एकच निकाल लागतो: "साखरेचा पाक मिसळलाय, फसवलं!" आणि चांगला मध फेकला जातो. रवा बसणं हा भेसळीचा पुरावा नाही.

मधात पाणी साधारण 17 ते 20 टक्के. बाकी बहुतेक ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. इतक्या कमी पाण्यात एवढी साखर कायमची विरघळून राहू शकत नाही. फ्रुक्टोज पाण्यात सहज मुरतं, ग्लुकोज तितकं नाही. म्हणून तेच आधी बाहेर पडतं. परागकण, मेणाचा कण, हवेचा बुडबुडा, कशाचाही आधार मिळाला की त्याभोवती ग्लुकोजचे रेणू रचले जातात आणि स्फटिक वाढतो. तळाशी दिसतो तो हा रवा, डब्यातली उसाची साखर नव्हे. 14 अंश सेल्सिअसच्या आसपास हे सगळ्यात वेगाने घडतं. मोहरीच्या मधात ग्लुकोज जास्त, त्यामुळे तो लवकर थिजतो.

अर्थात, थिजला म्हणजे शुद्धच, असंही नाही. खात्री प्रयोगशाळेतच होते; पाण्यात थेंब सोडणं, काडी पेटवून पाहणं ही निव्वळ करमणूक.

रवा मोडायचा तर बाटली चाळीसेक अंशांच्या कोमट पाण्यात ठेवा, उकळू नका. आणि अर्धवट थिजलेला मध फार दिवस ठेवू नका: ग्लुकोज खाली बसलं की वरच्या पातळ भागात पाण्याचं प्रमाण वाढतं, आणि तो आंबू शकतो.