जमिनीवर इंजिन तापते तेव्हा
(घरी विमान बांधणाऱ्या ग्राहकांसाठी)

आमच्याकडून बॅफलचे (सिलिंडरकडे हवा वळवणारे) पत्रे आणि सिलिकॉन रबराच्या पट्ट्या नेल्यावर पहिल्यांदा इंजिन चालवले की फोन येतो: "सिलिंडर हेडचं तापमान भराभर चढतंय, बॅफल चुकलं का?" बहुतेक वेळा चुकलेले काही नसते. विमान उभे असते, एवढेच.

लायकमिंग ओ-३२० सारख्या, हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला वेगाने येणारी हवा लागते. १०० नॉट वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा दाब साधारण १६ सेंटीमीटर पाण्याइतका असतो. जमिनीवर तो फक्त पंख्याने (प्रोपेलरने) द्यायचा, आणि काउलिंगची (इंजिनावरच्या आवरणाची) हवा घेणारी तोंडे नेमकी पात्यांच्या मुळाशी! तिथे पाते गोलसर असते, हवा फारशी ढकलत नाही.

"मग काउलिंग काढून चालवा" हा सल्ला हँगरमध्ये हमखास मिळतो. ऐकू नका. काउलिंग नसले की हवा सिलिंडरच्या फिन्सच्या (उष्णता सोडणाऱ्या पातळ कडांच्या) मधून न जाता मोकळी वाट धरते. तेलाची गळती बघायला मिनिटभर तसे चालवले तर ठीक.

नव्या इंजिनाला जमिनीवर रेंगाळत ठेवणे आणखी वाईट. पिस्टनच्या रिंगा बसण्याआधी सिलिंडरच्या भिंतीवर तेल भाजून चकचकीत थर धरतो आणि पुढे इंजिन तेल पीत राहते.

म्हणून चाचणी छोटी ठेवा. सकाळी लवकर, चाकांना अडण्या लावून, नाक वाऱ्याकडे. मे महिन्यात विदर्भात दुपारी चाचणी घेणाऱ्याला आम्ही हात जोडतो. १००० ते १२०० आरपीएमवर गरम करा, पूर्ण थ्रॉटल काही सेकंदच. लायकमिंगची हेडची कमाल मर्यादा २६० अंश सेल्सियस आहे, तेलाची ११८. पण जमिनीवर हेड २०० ला पोचले की थ्रॉटल मागे घ्या, असे आम्ही सांगतो. रोटॅक्स ९१२ चे हेड पाण्यावर थंड होतात, त्याच्या मर्यादा वेगळ्या; त्या त्याच्याच मॅन्युअलमधून घ्या. बंद केल्यावर काउलिंगच्या आत उष्णता कोंडते, तेव्हा काउलिंगवरचे तेल तपासायचे झाकण उघडे ठेवा आणि लगेच पुन्हा स्टार्ट करू नका.

बॅफल तपासायचे असेल तर इंजिन थंड असताना हँगरमध्ये अंधार करा आणि खालून टॉर्च मारा. पत्रा आणि क्रँककेस यांच्यात जिथे उजेड दिसेल तिथून हवा फुकट जाते. ती फट हाय-टेम्प सिलिकॉनने भरा. रबरी पट्ट्या इंजिनाच्या बाजूला, म्हणजे दाबाकडे वळलेल्या हव्यात. बाहेर वळल्या की दाब त्यांना काउलिंगपासून उचलतो. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत हेच कारण सर्वांत जास्त निघते.

एकच सिलिंडर जास्त तापत असेल तर पत्रा कापण्याआधी तापमान मोजणाऱ्या दोन प्रोबची अदलाबदल करून बघा. प्लगखाली वॉशरसारखा बसणारा प्रोब हेडमध्ये बसणाऱ्या प्रोबपेक्षा जास्त आकडा दाखवतो.

तरीही शंका राहिली तर चारही सिलिंडरचे आकडे, बाहेरचे तापमान, वाऱ्याची दिशा आणि पट्ट्यांचे फोटो पाठवा. नुसते "फार तापतंय" यावरून आम्हाला काही सांगता येत नाही.