हीटरचा नॉब जड झाल्यास : एमजीबी मालकांसाठी माहिती

इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या एमजीबी गाड्यांपैकी ज्या आपल्याकडे आहेत, त्यांचा हीटर आपल्या हवेत वर्षानुवर्षे सुरूच केला जात नाही. नॉब जड होण्याचे मूळ बहुतेक वेळा तिथेच असते.

तापमानाचा नॉब फिरवला की त्याला जोडलेली कडक तार आवरणातून सरकते आणि इंजिनाच्या हेडवर, मागच्या टोकाशी असलेला, इंजिनातले गरम पाणी हीटरकडे सोडणारा लहानसा व्हॉल्व्ह उघडते किंवा बंद करते. नॉब अडल्यास कृपया जोर लावू नये आणि पक्कड तर मुळीच लावू नये, कारण तार एकदा मुडपली की ती कितीही सरळ केली तरी आवरणात घासतच राहते.

दोष कोणत्या टोकाला आहे, हे आधी पाहावे. इंजिन पूर्ण थंड असताना व्हॉल्व्हच्या दांडीवर तार धरून ठेवणारा बारीक स्क्रू सैल करून तार मोकळी करावी आणि नॉब पुन्हा फिरवावा. आता तो हलका फिरला, तर व्हॉल्व्ह जाम आहे. तरीही जड राहिला, तर दोष केबलमध्ये किंवा नॉबच्या मागे आहे. केबलला कुठे तीव्र वळण पडले असल्यास ते काढावे, वरच्या टोकातून पातळ तेल थेंबथेंब सोडून रात्रभर मुरू द्यावे. तार गंजलेली असल्यास केबल बदलावी.

व्हॉल्व्ह जाम होतो तो मुख्यतः क्षारांमुळे. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचे पाणी भरलेल्या गाड्यांत आतून पांढरा थर धरलेला दिसतो. असा व्हॉल्व्ह घासून मोकळा करता येतो, परंतु तो पुढे गळण्याची शक्यता असल्याने आम्ही नवीन व्हॉल्व्ह, नवीन गॅस्केटसह, बसवणे पसंत करतो.

जोडणी करताना नॉब ‘बंद’ खुणेवर आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंद ठेवूनच स्क्रू आवळावा. अन्यथा ऐन मे महिन्यात पायांशी गरम हवा येत राहते.

त्यानंतर महिन्यातून एकदा नॉब दोन-तीनदा पूर्ण फिरवावा. घाटात तापमानाचा काटा चढू लागल्यास हीटर पूर्ण उघडून पंखा लावला, तर इंजिनाची काही उष्णता बाहेर पडते, म्हणून आपल्याकडेही हा नॉब चालता असणे आम्हाला महत्त्वाचे वाटते.

तपासणी थंड इंजिनावरच होत असल्याने गाडी शक्यतो आदल्या संध्याकाळी आणून ठेवावी.