मुलान वेगळी, छिन ल्यांगयू वेगळी

चीनमधली सेनानी छिन ल्यांगयू हिचं नाव कुठेही निघालं की तिला लगेच ‘खरीखुरी मुलान’ म्हणून टाकतात आणि त्याच दमात मुलानची गोष्टही तिच्या नावावर चढवतात. पुरुषाचा वेश घेतला, बाई असल्याचं लपवलं, रणांगण गाजवलं. यातलं रणांगण तेवढं खरं आहे.

मुलानची कथा नव्याने सांगायला नको. म्हाताऱ्या बापाच्या जागी लढायला गेली, बारा वर्षं सोबत्यांना पत्ता लागू दिला नाही, शेवटी पद नाकारून घरी परतली. ती उत्तर चीनमधल्या एका जुन्या गाथागीताची नायिका. ‘ह्वा’ हे तिचं आडनावही त्या गीतात नाही, ते खूप नंतर, सोळाव्या शतकातल्या श्यू वेइच्या नाटकात आलं. ल्यांगयू इतिहासातली : जन्म १५७४, मृत्यू १६४८, मिंग राजवटीचा शेवटचा काळ. हा फरक बहुतेकांना ठाऊक असतो.

घोळ होतो तो वेशावरून. ल्यांगयूला काही लपवण्याची गरजच नव्हती, कारण तिचा अधिकार बाई असूनही मिळालेला नव्हता. सरदाराची विधवा म्हणूनच तो तिच्याकडे आला होता. नैर्ऋत्य चीनच्या डोंगराळ मुलखात मिंग दरबार स्थानिक घराण्यांमार्फत कारभार चालवी. सरदारकी वंशपरंपरागत, स्वतःची फौज, आणि वारस लहान असेल तर विधवेच्या हाती कारभार देण्याची मुभा. ग्वांगशीतल्या थ्येनचौची सरदारीण वाशी १५५५ मध्ये अशाच अधिकाराने फौज घेऊन किनाऱ्यावर चाच्यांशी लढली होती. ल्यांगयूचा नवरा मा छ्येनशंग हा याच मुलखातल्या शिचूचा सरदार. १६१३ मध्ये तो तुरुंगात मेला, मुलगा लहान होता, आणि सरदारकी ल्यांगयूने सांभाळली. उघडपणे, दरबाराच्या संमतीने.

तोवर ती लढाईत मुरलेली होती. बोचौचा बंडखोर सरदार यांग यिंगलुंग याच्याविरुद्धच्या मोहिमेत नवरा तीन हजार माणसं घेऊन गेला, तेव्हा हिने पाचशे निवडक शिपायांची वेगळी तुकडी स्वतःची शिदोरी बांधून नेली. १६०० च्या चिनी नववर्षाच्या दुसऱ्या रात्री सरकारी छावणीत मेजवानी चालू असताना शत्रूने हल्ला केला. नवराबायकोने तो परतवला, पाठलाग करून सात गढ्या घेतल्या. नंतर तिने त्या पराक्रमाचा उच्चारही केला नाही.

तिच्या फौजेची ओळख म्हणजे पांढऱ्या दांड्याचे भाले. पात्याशी आकडा, दांड्याच्या बुडाशी लोखंडी कडं. एकाचा आकडा दुसऱ्याच्या कड्यात अडकवत शिपाई डोंगराचे सुळके चढून जात. डोंगरी माणसांनी डोंगरासाठी घडवलेलं हे हत्यार. वेशांतराच्या नादात ते बाजूला पडतं याची मला खरी चीड येते. हीच फौज १६२१ मध्ये ईशान्येकडून चाल करून येणाऱ्या मांचूंविरुद्ध हुन नदीवर लढली आणि तिथे ल्यांगयूचा भाऊ छिन बांगपिंग पडला.

तरीही कुणाला वेशांतराची शंका उरत असेल, तर १६३० चा प्रसंग पाहावा. मांचू फौजा पेइचिंगच्या वेशीवर आल्या, तेव्हा ल्यांगयू स्वखर्चाने फौज घेऊन राजधानीच्या मदतीला धावली. छोंगचन या मिंग सम्राटाने तिला भेटीस बोलावलं आणि तिच्या गौरवार्थ चार कविता लिहिल्या. एकीचा आशय असा : शूर म्हणवणारे पुरुष जगात कितीतरी आहेत, पण हजारो कोसांवरच्या रणात जायला त्यांतला कोण तयार आहे? समोरचा सेनानी पुरुष वाटला असता तर ही कविता सुचलीच नसती.

त्या भेटीच्या वेळी ती पन्नाशी उलटलेली होती. म्हणून नेटवर तिच्या नावाखाली विशीतल्या कोवळ्या मुलीचं चित्र लावतात तेही मला पटत नाही. ती मुलानचीच सावली. ल्यांगयू हाताखालच्या माणसांशी कडक होती, कूच करताना तिचा हुकूम निघाला की फौज चिडीचूप होई, आणि लिहिण्यावाचण्यातही तिचा हात चांगला होता, असं मिंग राजवटीच्या अधिकृत इतिहासात नोंदलं आहे. स्त्रियांची चरित्रं त्या इतिहासात वेगळ्या भागात आहेत. हिचं चरित्र तिथे नाही, सेनापतींच्या चरित्रांमध्ये आहे.