पत्र तुरुंगातलं, शब्द आनंदाचा

‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, पुन्हा म्हणेन, आनंद करा.’ ख्रिस्ती घरांत हे वचन कॅलेंडरवर असतं, लग्नाच्या उपासनेत वाचलं जातं, आणि दफनविधी उरकल्यावर भेटायला आलेलं कुणीतरी तेच म्हणून जातं. नुकतंच माणूस गेलेल्या घरात ते बोचतं. ते कुणी, कुठून आणि कुणाला लिहिलं हे ठाऊक नसेल, तर बोचणारच.

हे वचन येशूची शिकवण गावोगाव सांगणाऱ्या प्रेषित पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांना, लिहिलेल्या पत्रातलं आहे. फिलिप्पै हे ग्रीसच्या उत्तरेकडच्या मासेदोनियातलं शहर. सिकंदराचे वडील दुसरे फिलिप यांनी इ.स.पू. ३५६ मध्ये ते ताब्यात घेऊन त्याला स्वतःचं नाव दिलं. जवळच्या सोन्याच्या खाणींवर त्यांचा डोळा होता. इ.स.पू. ४२ मध्ये इथंच अँटनी आणि ऑक्टेव्हियनने ज्युलियस सीझरचे मारेकरी ब्रूटस आणि कॅसियस यांचा पराभव केला. पुढे निवृत्त सैनिकांना जमिनी देऊन शहराची रोमन वसाहत झाली. रोमन असण्याचा अभिमान तिथं मोठा होता.

पौल तिथं इ.स. ५० च्या सुमारास पोचला. शब्बाथ या यहुदी विश्रामदिवशी नदीकाठी प्रार्थनेला जमलेल्या बायकांत त्याला लुदिया भेटली, थुवतीरा गावची, जांभळ्या कापडाचा व्यापार करणारी. तिच्या घरात मंडळी उभी राहिली. मग एका दासीला पौलाने भूतबाधेतून सोडवलं, तिच्या भविष्य सांगण्यावर कमाई करणाऱ्या धन्यांचा धंदा बसला, आणि पौल आणि त्याचा सोबती सीला यांना छड्यांनी फोडून काढून आतल्या कोठडीत टाकलं. पाय खोड्यात अडकवलेले. मध्यरात्री हे दोघे स्तोत्रं गात होते आणि बाकीचे कैदी ऐकत होते. भूकंप झाला, दारं उघडली, कैदी पळाले असं वाटून तुरुंगाच्या अधिकाऱ्याने तलवार उपसली, ती स्वतःवरच. पौलाने त्याला ओरडून थांबवलं. त्याच रात्री त्या माणसाने या दोघांच्या जखमा धुतल्या.

म्हणजे ‘आनंद करा’ हे शब्द पहिल्यांदा ज्यांनी ऐकले, त्यांना लिहिणाऱ्याच्या पाठीवरचे वळ माहीत होते. जखमा धुणारा तो अधिकारीही कदाचित ऐकणाऱ्यांत बसलेला असेल.

पत्र लिहिलं तेव्हा पौल पुन्हा कैदेतच होता. ही कैद रोममधली, इ.स. ६० ते ६२ च्या आसपासची, असं परंपरा मानते. काही अभ्यासक इफिस किंवा कैसरियाचं नाव घेतात. त्या काळी कैद्याची खाण्यापिण्याची सोय बहुधा त्याच्या माणसांनाच बघावी लागे. म्हणून फिलिप्पैच्या मंडळीने आपल्यातल्या एपफ्रदीताच्या हाती मदत पाठवली. एपफ्रदीत तिथं आजारी पडून मरणाच्या दारापर्यंत जाऊन आला. चार अध्यायांच्या या छोट्या पत्रात आनंद आणि आनंद करणं हे शब्द मूळ ग्रीकमध्ये सोळा वेळा येतात, आणि त्याच पत्रात पौल लिहितो की एपफ्रदीत गेला असता तर मला दुःखावर दुःख झालं असतं. पुढे एके ठिकाणी तो रडत लिहितोय असंही सांगतो. मला ही ओळ फार मोलाची वाटते. शोक करणाऱ्याला गप्प करायला जे पत्र वापरलं जातं, ते लिहिणाऱ्याने स्वतःचा शोक लपवलेला नाही.

मग आनंद कशाचा? पहिल्याच अध्यायात उत्तर आहे: माझ्यावर जे आलं त्यामुळे सुवार्ता पुढेच सरकली. पहारेकरी बदलत राहिले आणि प्रत्येकाला कळत गेलं की हा माणूस ख्रिस्तासाठी बेड्यांत आहे. पौलाला सुटका होईल की मरण येईल हे ठाऊक नव्हतं. देवाचा हेतू मात्र त्याच्या डोळ्यांसमोर, त्या कोठडीतच पुरा होत होता.

तिसऱ्या अध्यायात तो चक्क जमाखर्च मांडतो. यहुदी म्हणून मिरवावं असं सगळं: आठव्या दिवशी सुंता, बन्यामिनाचा वंश, नियम काटेकोर पाळणारा परूशी पंथ, नियमशास्त्राप्रमाणे निर्दोष. हे सगळं जमेला होतं. ते त्याने उचलून तोट्याच्या बाजूला लिहिलं. त्याने वापरलेला तोट्याचा शब्द बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात जहाजाच्या नुकसानीसाठीही येतो. वादळात माल समुद्रात फेकून दिलेलं ते जहाज, आणि पौल स्वतः त्यावर होता. ‘सर्व गमावलं’ हे त्याने अलंकार म्हणून लिहिलेलं नाही. कूळ, मान, पूर्वीचे सोबती खरोखर गेले होते. ख्रिस्ताला ओळखण्यापुढे ते सारं केरकचरा, असं तो म्हणतो.

मराठीत हे पत्र ज्यांनी ग्रीकवरून आणलं त्यांत पंडिता रमाबाई आहेत. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील, आई आणि बहीण गेली. भाऊ श्रीनिवास यांच्याबरोबर त्या देशभर पायी हिंडल्या. पंजाबात झेलमच्या काठी, हिवाळ्यात अंगावर पांघरूण नाही म्हणून, दोघांनी वाळूत थडग्यासारखे खड्डे खणले आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून वाळू ओढून घेतली. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी पटकीने गेले, तेव्हा मुलगी मनोरमा दहा महिन्यांची होती. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला.

निराधार स्त्रियांसाठी केडगावला उभारलेल्या मुक्तिसदनात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि खेड्यातल्या बाईला वाचता यावं अशा मराठीत सबंध बायबल उतरवायला बसल्या. काम शेवटाला आलं असताना, जुलै १९२१ मध्ये, मनोरमा गेली. रमाबाईंनी काम सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी डोळे मिटले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. छापखाना मुक्तिसदनातलाच. १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांतून रमाबाईंनी शेकडो मुलीबायका तिथं आणल्या होत्या, आणि छापण्याचे खिळे जुळवायचं काम तिथल्या बायकाच करत.